एस-विंडोत पीक आलं म्हणजे सिकलसेलच का?

प्रश्न असा आहे: "मी पिंपरी कॅम्पातली, सिंधी कुटुंबातली. अकरावा आठवडा चालू आहे. माझ्या एचपीएलसी रिपोर्टवर 'एस-विंडो १७.४ टक्के' असं आलं आणि खाली 'सिकलसेल वाहक, कृपया समुपदेशन घ्यावे' असा शेरा आहे. सोल्युबिलिटी टेस्ट मात्र निगेटिव्ह. आमच्या सात पिढ्यांत कुणाला सिकल नाही. नवऱ्याला थॅलेसेमिया मायनर आहे, ए२ ५.४ टक्के. दोन्ही मिळून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो असं सांगितलं. चार दिवस झोप नाही. काय करू?"

ताई, झोपा आधी. तुम्ही पाठवलेला ग्राफ मी दोनदा पाहिला. तुमच्या रक्तात जे आहे ते सिकलचं हिमोग्लोबिन नसावं, असं माझं मत आहे. 'नसावं' म्हणते, 'नाही' म्हणत नाही. तो शब्द डीएनएचा रिपोर्ट आल्यावर वापरू. एवढं मात्र आत्ताच ठामपणे सांगते, की नुसत्या विंडोच्या नावावरून 'वाहक' असा शेरा मारणं चुकीचं होतं. पंचवीस वर्षं पुण्यात या मशीनसमोर बसते आहे, आणि ही चूक दर दोन-तीन महिन्यांनी कुणा ना कुणाच्या फायलीत दिसते.

मशीन काय करतं ते समजलं की अर्धी भीती जाईल. एचपीएलसी म्हणजे रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारं मशीन. त्याच्या नळकांड्यात, म्हणजे कॉलममध्ये, ऋण भाराचे बारीक कण ठासून भरलेले असतात. तुमच्या रक्तपेशी फोडून काढलेलं हिमोग्लोबिन त्यातून सोडतात. ज्या हिमोग्लोबिनवर धन भार जास्त, ते कणांना जास्त वेळ चिकटून बसतं. कमी असेल ते लवकर निसटतं. मग बफरमधलं मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की एकेक जण हात सोडून बाहेर पडतो, आणि ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची नोंद होते. कागदावर तो उंचवटा दिसतो, त्याला आम्ही पीक म्हणतो (शेतातलं नव्हे). साधं प्रौढ हिमोग्लोबिन अडीच मिनिटांच्या आसपास येतं, ए२ (प्रौढांच्या रक्तात थोडंसंच असणारं दुसरं हिमोग्लोबिन, थॅलेसेमिया मायनरमध्ये ते वाढतं) साडेतीनच्या पुढे, आणि ४.३ ते ४.७ मिनिटांच्या फटीला कंपनीने 'एस-विंडो' असं नाव दिलंय, कारण सिकलचं हिमोग्लोबिन तिथे बाहेर पडतं.

आता बघा, मशीनने मोजला तो फक्त वेळ. वेळ ठरला भारावरून. हिमोग्लोबिनचे बदललेले प्रकार जगात हजाराहून जास्त नोंदले गेलेत आणि या सगळ्यांना बाहेर पडायला मिळून सहा-सात मिनिटं. गर्दी होणारच. स्वारगेटला साडेचारच्या सुमाराला जी गाडी फलाटावर लागेल ती कोल्हापूरचीच, असं पाटी न वाचता कुणी म्हणेल का?

तुमच्या ग्राफवर पीकची वेळ ४.६९ मिनिटं आहे. अस्सल एस बहुधा विंडोच्या मध्यावर येतं. तुमचं अगदी मागच्या दाराशी आहे. ही पहिली शंका. दुसरी शंका टक्केवारीची, आणि ती मला जास्त बोलकी वाटते.

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीची जनुकं दोनच, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, ११ व्या गुणसूत्रावर. अल्फाची मात्र चार, १६ व्या गुणसूत्राच्या जोडीवर दोन-दोन. सिकलचा बदल बीटा साखळीत असतो. वाहकाच्या दोन बीटा जनुकांपैकी एक बदललेलं, म्हणजे हिशेबाने निम्मं हिमोग्लोबिन एस निघायला हवं. प्रत्यक्षात ३५ ते ४० टक्के निघतं, कारण अल्फा साखळी धन भाराकडे झुकलेली असते, तिला जोडीदार जास्त ऋण भाराचा लागतो, आणि एसच्या बीटा साखळीने नेमका एक ऋण भार गमावलेला असतो. जोड्या जमवण्याच्या शर्यतीत ती मागे पडते. उलट, ज्या बीटा साखळीला बदलामुळे जास्तीचा ऋण भार मिळतो ती पन्नास टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. मला हा भाग फार आवडतो. एवढ्याशा भाराच्या फरकाने पेशीच्या आत कोण कुणाशी जोडी जमवणार ते बदलतं.

बदल अल्फा साखळीत असेल तर चारांतलं एक जनुक बिघडलेलं, म्हणून पाव हिस्सा, आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडं कमी. तुमचे १७.४ टक्के त्या घरात चपखल बसतात. बीटा बदलाच्या घरात ते बसवायला ओढाताण करावी लागते. एस असूनही टक्का इतका खाली यायचा तर सोबत अल्फा थॅलेसेमिया, म्हणजे अल्फा साखळ्याच कमी बनण्याचा दोष, जबरदस्त असायला हवा, आणि तसं असतं तर तुमच्या पेशींचा आकार, एमसीव्ही, ७९ वर राहिला नसता, बराच खाली गेला असता.

आणखी एक शक्यता आधी विचारून घेते: गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलंय का? हसू नका. एकदा अपघातानंतर रक्त मिळालेल्या एका मुलीच्या ग्राफवर मला एस आठ टक्के दिसलं. घरचे हादरले. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तर काहीच नाही. रक्तदाता वाहक होता, पाहुण्या पेशी १२० दिवसांचं आयुष्य संपवून गेल्या. तुमच्या बाबतीत उत्तर 'नाही' असेलच, पण गायनॅकच्या फाइलमध्ये ते लिहिलेलं असू द्या.

मग हे आहे तरी काय? सिंधी घरातली व्यक्ती, वेळ ४.७ च्या आसपास, प्रमाण सतरा-अठरा टक्के, सोल्युबिलिटी निगेटिव्ह. माझ्या मनात पहिलं नाव येतं ते हिमोग्लोबिन क्यू-इंडिया. अल्फा साखळीत ६४ व्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडिन. सिंधी समाजात हे वारंवार सापडतं, आणि फाळणीनंतर पिंपरीत आलेल्या वस्तीमुळे आम्हा पुण्याच्या लॅबवाल्यांना ते तोंडपाठ झालंय. पण समाजावरून निदान करायचं नसतं. आडनाव फक्त शंका कुठून सुरू करायची ते सांगतं. मेळघाट किंवा नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याच्या ग्राफवर हेच पीक ४.५ ला ३६ टक्के असतं, तर मी सिकल धरूनच पुढे गेले असते आणि तरीही दुसरी टेस्ट केलीच असती.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही हिमोग्लोबिन एका विंडोत येतात, दोन्हींत एकेक अमिनो आम्ल बदललेलं, दोन्हींत ऋण भार कमी झालेला. तरी एक माणसाला आयुष्यभर छळतं आणि दुसऱ्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. का?

सिकलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात या हिमोग्लोबिनची चाल वेगळी असल्याचं दाखवलं आणि 'रेणूचा आजार' ही कल्पनाच जगापुढे आणली. नेमकं कुठलं आम्ल बदललं ते काही वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधलं. पण भार गेला हा त्यातला दुय्यम भाग आहे. व्हॅलिन हे पाण्याला नाखूश असलेलं, तेलकट स्वभावाचं आम्ल. ते रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यात उघडं पडतं. रक्तातला प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर ८५ आणि ८८ या जागांपाशी एक तेलकट खोबण उघडते. व्हॅलिन त्यात नेमकं शिरतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे चिकटत चौदा पदरी दोर वळला जातो, आणि त्या दोराने पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते.

हे होण्याआधी काही क्षणांची उसंत असते, आणि ती उसंत पेशीतल्या एसच्या घट्टपणावर इतक्या विलक्षण प्रमाणात अवलंबून आहे की प्रमाण जरासं घटलं तरी ती अनेक पटींनी लांबते. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परत पोचून प्राणवायू घेते, संकट टळतं. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो तो त्यामुळे. गर्भातलं हिमोग्लोबिन एफ जास्त असलेल्यांचा आजार सौम्य असतो तोही त्यामुळेच: एफ दोरात सामील होत नाही, उलट वळण मोडतं. आपल्याकडच्या सिकलच्या रुग्णांत एफ आफ्रिकी रुग्णांपेक्षा बऱ्याचदा जास्त आढळतं. अर्थात म्हणून इथला आजार हलका समजायचा नाही. विदर्भातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा.

क्यू-इंडियात बदल झालाय तो अल्फाच्या ६४ व्या जागी. तीही रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. पण तिथे आलेलं हिस्टिडिन पाण्यात सुखाने राहतं, कुणाला चिकटत नाही. लोह धरून ठेवणाऱ्या हीमच्या कप्प्याशी तिचा संबंध नाही, साखळ्या जिथे एकमेकींना टेकतात त्या सांध्याशीही नाही. भार बदलला म्हणून कॉलमने पकडलं, एवढंच. शरीराला पत्ताही नाही.

हाच धडा दुसऱ्या टोकाने हिमोग्लोबिन डी-पंजाब शिकवतं. तिथे बीटाच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाचं ग्लुटामिन होतं. भाराचा हिशेब एससारखाच, त्यामुळे अल्कधर्मी इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिनं वेगळी करणाऱ्या तपासणीत, दोघं एकाच रेषेत. एकट्या डीच्या वाहकाला काही होत नाही. पण एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी-पंजाब मिळालं तर मूल खऱ्या सिकलच्या रुग्णासारखं आजारी पडतं, कारण ती १२१ वी जागा नेमकी दोर वळला जातो तिथे येते. म्हणजे एकटं असताना साधं आणि एसच्या संगतीत घातक. क्यूची तशी संगत नाही. बाकी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांत दिसणारं हिमोग्लोबिन ई ए२ च्या विंडोत लपतं, रक्त चॉकलेटी करणारी एम हिमोग्लोबिनं असतात, उष्णतेने विस्कटणारी असतात. त्यांचा तुमच्याशी संबंध नाही, सोडून देते.

सोल्युबिलिटी टेस्टबद्दल. डायथायोनाइट घालून प्राणवायू काढला की एस त्या दाट फॉस्फेटच्या द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. तुमची नळी स्वच्छ राहिली. चांगलं आहे, पण या एकटीवर विसंबू नका: एसचं प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली असलं किंवा रक्त फार कमी असलं तर ही टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, आणि तुमचे १७.४ टक्के नेमके त्या धूसर पट्ट्यात आहेत. म्हणून आम्लधर्मी, म्हणजे सहाच्या आसपासच्या पीएचचं सायट्रेट अगार इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. तिथे भारापेक्षा रेणूची अगारशी होणारी सलगी जास्त चालते. एस वेगळं पडतं. डी आणि क्यू दोन्ही साध्या ए बरोबर जातात. दोन वेगळ्या तत्त्वांच्या टेस्ट एकच उत्तर द्यायला लागल्या की मला स्वस्थ वाटतं.

इथपर्यंत सगळं दिलासा देणारं. आता ज्या गोष्टीसाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसले ती.

तुमच्या घरात सगळे एसच्या मागे लागलेत. मला काळजी तुमच्या ए२ ची आहे. नवऱ्याला बीटा थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे तो वाहक आहे, हे नक्की, ए२ ५.४, एमसीव्ही ६४, लाल पेशींची संख्या ६२ लाख, शंकेला जागा नाही. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हीही मायनर असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे गंभीर आजाराची. क्यू असो नसो, बाळाचं भवितव्य या प्रश्नावर ठरणार.

रिपोर्टवर तुमचं ए२ १.९ टक्के छापलंय, आणि शेजारी 'नॉर्मल'. पण ए२ म्हणजे दोन अल्फा आणि बीटाऐवजी दोन डेल्टा नावाच्या साखळ्या. तुमच्या काही अल्फा साखळ्या बदललेल्या असतील तर काही ए२ रेणूंतही त्याच जाणार. म्हणजे तुमचं ए२ दोन जागी वाटलं गेलं. बदललेला हिस्सा जास्त धन भाराचा, म्हणून तो आणखी उशिरा बाहेर पडतो. तुमच्या ग्राफवर पाच मिनिटांच्या थोडं अलीकडे अर्ध्या टक्क्याचं एक इवलंसं पीक आहे, ज्याला मशीनने नावच दिलेलं नाही. माझ्या मते तोच तो हरवलेला वाटा. हे जुळं ए२ अल्फा बदलाची खूण आहे, म्हणून क्यूच्या बाजूचा हा तिसरा पुरावा. आणि खरं ए२ काढायचं तर दोन्ही मिळवायचे: १.९ अधिक ०.५, साधारण २.४.

२.४ म्हणजे नॉर्मलच, मग चिंता कसली? तुमच्या बाबतीत फारशी नाही. पण हा हिशेब न करता रिपोर्ट देण्याची सवय धोक्याची. खरं ए२ ४.२ असलेल्या एखादीचं छापील ए२ अशा वेळी ३.४ दिसेल, ३.५ च्या रेषेच्या आत, आणि मायनर बाई 'नॉर्मल' म्हणून घरी जाईल. शिवाय लोहाची कमतरता ए२ खाली ओढते, आणि तुमचं हिमोग्लोबिन १०.४ आहे. बी१२ ची कमतरता उलटं करते, ए२ थोडं चढवते आणि पेशी मोठ्या करून एमसीव्हीचा इशारा पुसते. शाकाहारी घरांत तीही हमखास. शेवटी काही बीटा बदल 'मूक' असतात, भारतीयांत आढळणारा कॅप प्लस वन हा त्यांतलाच. त्यात ए२ आणि एमसीव्ही दोन्ही जवळपास नॉर्मल राहतात. नवरा मायनर नसता तर मी या तर्कांत शिरलेच नसते. तो आहे, म्हणून 'शक्यता कमी' यावर थांबायचं नाही.

तेव्हा दोघांचा डीएनए तपासून घ्या, याच आठवड्यात. मागताना नेमकं काय मागायचं ते सांगते, कारण इथेही फसगत होते. तुमच्यासाठी अल्फा जनुकांचं सिक्वेन्सिंग (जनुकाचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचणं), क्यू-इंडियासाठी. आणि बीटा जनुकाचं पूर्ण सिक्वेन्सिंग. ते केलं की सहावी जागाही आपोआप वाचली जाते, एसचा प्रश्न कायमचा मिटतो. त्यासोबत '६१९ बेस पेअर डिलीशन' हे शब्द फॉर्मवर लिहायला सांगा. सिंधी आणि लोहाणा समाजात बीटा थॅलेसेमियाचा हा एक मुख्य प्रकार. जनुकाचा तुकडाच गायब असतो, म्हणून साधं सिक्वेन्सिंग दुसऱ्या, धडधाकट जनुकाचा मजकूर वाचून 'सगळं ठीक' म्हणून मोकळं होतं. त्याला गॅप-पीसीआर ही गायब तुकडा पकडणारी वेगळी टेस्ट लागते. नवऱ्याचीही हीच तपासणी करा. त्याचा बदल माहीत असला तर पुढे गर्भाची तपासणी करायची वेळ आलीच तर लॅबला काय शोधायचं ते ठाऊक असतं.

निकाल काय येऊ शकतात? तुमच्यात फक्त क्यू निघालं आणि बीटा जनुकं स्वच्छ असली, तर बाळाला जास्तीत जास्त नवऱ्याकडून मायनर आणि तुमच्याकडून क्यू एकत्र मिळेल. दोन्ही वेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने स्वतंत्रपणे वाटले जातात, म्हणून तशी शक्यता चारात एक; आणि असं मूल साध्या मायनरसारखंच वाढतं. गर्भाच्या तपासणीची गरज नाही. तुमच्यातही बीटाचा बदल निघाला, किंवा माझा अंदाज चुकून खरंच एस निघालं, तर चारात एक शक्यता गंभीर आजाराची. मग कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंगचा, म्हणजे वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भ तपासण्याचा, विचार लगेच करावा लागेल. ते अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात करतात. ते हुकलं तर सोळाव्यानंतर गर्भजलाची तपासणी. तुमच्याकडे वेळ आहे, पण 'पुढच्या व्हिजिटला बघू' एवढा नाही. जेनेटिक काउन्सेलरची अपॉइंटमेंट रिपोर्टची वाट न बघता आजच घ्या.

दोन किरकोळ गोष्टी. शुगरसाठी कुणी एचबीए१सी लिहून दिलं तर तुमच्यात हे वेगळं हिमोग्लोबिन आहे हे लॅबला सांगा. भारावर चालणाऱ्या मशीनवर तो आकडा फसवा येऊ शकतो. गरोदरपणात ग्लुकोज पाजून करतात ती टेस्टच घ्या. आणि लोहाच्या गोळ्या थॅलेसेमियाच्या धास्तीने बंद केल्या असतील तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट) करा, ते कमी असेल तर डॉक्टर सांगतील तशा चालू ठेवा. मायनर असलेल्या बाईलाही लोह कमी पडतं.

नमुना साध्या ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत जातो, उपाशी राहावं लागत नाही. जुना ग्राफ, फक्त छापील आकडे नव्हेत, सोबत जोडा, आणि फॉर्मवर गरोदरपणाचा आठवडा आणि नवऱ्याचं ए२ मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. या दोन ओळी दिसल्या की आमच्याकडे तो नमुना रांगेत थांबत नाही.